बी४४ आणि बीयू१/७५: डीएनए फायबर ॲसेसाठी ही अँटिबॉडी-जोडी घ्यावी का?

आधी मत सांगून टाकू. पेशींमध्ये रेप्लिकेशन फोर्क (डीएनएची नक्कल होताना धागे उलगडत पुढे सरकणारी जागा) किती वेगाने पुढे सरकतो, कुठे थांबतो, थांबल्यावर नवा धागा झिजतो का, हे एकेका डीएनए रेणूवर मोजायचं असेल तर रॅटची बीयू१/७५ आणि माऊसची बी४४ हीच जोडी घ्यावी. फायबर ॲसेचं बहुतेक प्रकाशित काम याच जोडीवर उभं आहे, त्यामुळे स्वतःचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात. मात्र पत्रकात दिलेल्या प्रमाणात ती सरळ स्लाइडवर घातली, तर चित्रं देखणी येतात आणि मोजमाप चुकतं. दोष बहुतेक वेळा अँटिबॉडीत नसतो. तो सेकंडरीच्या (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला चिकटून रंग देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या) निवडीत, ॲसिडच्या वेळेत किंवा स्लाइडवर पसरलेल्या तंतूंमध्ये असतो. म्हणून हा आढावा दोन बाटल्यांपुरता न ठेवता त्यांच्याभोवतीचं सगळं सामान धरून लिहिला आहे.

काम काय आहे ते थोडक्यात. वाढत्या पेशींना आधी सीएलडीयू आणि लगेच नंतर आयडीयू (थायमिडीन या डीएनएच्या घटकासारखेच दोन पदार्थ) दिलं की त्या वेळात बनलेल्या डीएनएमध्ये थायमिडीनच्या जागी हे दोन पदार्थ जातात. मग पेशी फोडून डीएनएचे तंतू काचेवर ताणायचे, दोन अँटिबॉडींनी दोन खुणा लाल आणि हिरव्या रंगवायच्या आणि पट्ट्यांची लांबी मोजायची. जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये ई. कोलायचं गुणसूत्र ट्रिशियम लावलेल्या थायमिडीनने फिल्मवर उमटवलं होतं; तेव्हा एका निकालासाठी कित्येक आठवडे फिल्म अंधारात ठेवावी लागे. बीआरडीयू (ब्रोमीनवाला तसाच पदार्थ) आणि आयडीयू ओळखणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी १९८२ मध्ये ग्राट्झनर यांनी दिली आणि १९९२ मध्ये आटेन व सहकाऱ्यांनी सीएलडीयू-आयडीयू अशा दुहेरी खुणेची पद्धत बसवली. आज हेच काम दोन-तीन दिवसांत होतं.

ही जोडी काम करते ती एका अणूच्या आकारामुळे. थायमिनच्या पाचव्या जागेवर मिथाइल गट असतो. सीएलडीयूत तिथे क्लोरीन असतं, आयडीयूत आयोडीन. क्लोरीन लहान, आयोडीन मोठं. बीयू१/७५ ला क्लोरीनवाला पदार्थ पटतो, बी४४ ला आयोडीनवाला. ब्रोमीन आकाराने मधे पडतं, म्हणून बीआरडीयू दोघींनाही दिसतं. यातून एक पक्का नियम निघतो: या जोडीसोबत बीआरडीयू कधीही खूण म्हणून वापरू नये, आणि आधी बीआरडीयू दिलेल्या पेशी या प्रयोगात आणू नयेत. दोन्ही रंग एकाच जागी येतील आणि ती पट्टी कशाची, हे कुणालाच सांगता येणार नाही. ईडीयू या थायमिडीनसारख्याच आणखी एका पदार्थाबाबतही सावध राहावं. बीआरडीयूच्या काही अँटिबॉडी ईडीयूलाही चिकटतात. तिन्ही खुणा एकत्र वापरायच्या असतील तर प्रत्येक क्लोन (विशिष्ट नावाची मोनोक्लोनल अँटिबॉडी) ईडीयूवर वेगळा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विकत घेताना

कॅटलॉगमध्ये ‘अँटी-बीआरडीयू’ एवढंच वाचून मागणी देऊ नका. क्लोनचं नाव पाहा. बी४४ ही माऊसची आयजीजी१ (अँटिबॉडीचा एक उपप्रकार) आहे आणि बेक्टन डिकिन्सनच्या नावाने ओळखली जाते. बीयू१/७५, जिच्या नावापुढे आयसीआर१ असंही लिहिलेलं असतं, ती रॅटची आहे आणि अनेक विक्रेत्यांकडे मिळते. बीआरडीयूवर झकास चालणारी भलतीच माऊस अँटिबॉडी घेतली तर ती सीएलडीयूलाही तितकीच चिकटू शकते, आणि मग दोन खुणा वेगळ्या करण्याचा उद्देशच संपतो.

सेकंडरीवर इथे जास्त वेळ घालवायला हवा. रॅट आणि माऊस यांच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये फार साम्य आहे. साधी अँटी-रॅट सेकंडरी माऊसच्या बी४४ ला चिकटते, साधी अँटी-माऊस सेकंडरी बीयू१/७५ ला. परिणाम असा की सगळे तंतू पिवळे दिसतात आणि दोष प्रायमरीवर ढकलला जातो. अँटी-रॅट घेताना ती माऊसच्या प्रथिनांवर क्रॉस-ॲडसॉर्ब केलेली (त्यांना चिकटणारा भाग आधीच काढून टाकलेली) असावी, अँटी-माऊस घेताना रॅटच्या प्रथिनांवर. पत्रकात ‘हायली क्रॉस-ॲडसॉर्ब्ड’ एवढाच शेरा पुरत नाही. कोणत्या प्राण्यांच्या प्रथिनांवर ते काम केलं, याची यादी वाचावी. कित्येकदा त्या यादीत माणूस, गाय, ससा असतात आणि नेमका रॅट नसतो. दोन्ही सेकंडरी एकाच प्राण्यात तयार झालेल्या घ्या, दोन्ही गोटच्या किंवा दोन्ही डाँकीच्या, म्हणजे त्या एकमेकींना पकडणार नाहीत. रंगांसाठी अँटी-रॅटवर ॲलेक्सा ५५५ किंवा ५९४ आणि अँटी-माऊसवर ॲलेक्सा ४८८ ही मांडणी नीट चालते. ५९४ चा उजेड हिरव्या फिल्टरमध्ये कमी शिरतो, म्हणून निवड खुली असेल तर तोच घ्या.

खूण देताना

नेहमीचं प्रमाण २५ मायक्रोमोलर सीएलडीयू २० ते ३० मिनिटं, मग २५० मायक्रोमोलर आयडीयू तेवढाच वेळ. दुसरी खूण दहापट का, तर पेशीत पहिल्या खुणेचा साठा शिल्लक असतो. दुसरी जास्त दिली की ती पहिलीला लवकर मागे सारते आणि लाल-हिरव्याची सीमा स्वच्छ पडते. दोन्ही समान दिल्या तर सीमेवर पिवळा पट्टा लांबतो, आणि तिथून लाल कुठे संपला हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर जातं.

दोन खुणांच्या मधली धुलाई ३७ अंशांवर गरम केलेल्या पीबीएसने (फॉस्फेट बफरच्या खाऱ्या पाण्याने) किंवा माध्यमाने करा. थंड द्रवाने धुतलं तर फोर्क मंदावतात आणि दुसरी पट्टी कारण नसताना आखूड येते. आयडीयू पाण्यात नीट विरघळत नाही. स्टॉक डीएमएसओमध्ये किंवा पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये करा, आणि माध्यमात घातल्यावर तळाशी कण दिसत नाहीत ना, हे उजेडासमोर धरून पाहा. कण उरले असतील तर २५० हा आकडा फक्त वहीत असतो. खूण दिलेल्या पेशी प्रखर उजेडापासून दूर ठेवा. हॅलोजन असलेला डीएनए प्रकाशाने तुटतो. पेशी ५० ते ७० टक्के भरलेल्या असाव्यात. पूर्ण भरलेल्या डिशमध्ये एस टप्प्यातल्या (डीएनएची नक्कल चालू असलेल्या) पेशीच कमी असतात आणि स्लाइडवर शोधाशोध करत बसावं लागतं.

स्लाइडवर पसरवणं

निकालाचा दर्जा सर्वांत जास्त इथे ठरतो. पेशी थंड पीबीएसमध्ये मिलिलिटरला ५ लाख या प्रमाणात घ्या. स्लाइडच्या वरच्या टोकाजवळ २ मायक्रोलिटर थेंब ठेवा, म्हणजे साधारण १,००० पेशी. हा आकडा लहान वाटतो, पण माणसाच्या एका द्विगुणित पेशीतला डीएनए २ मीटरच्या आसपास भरतो. १,००० पेशी म्हणजे एका काचेवर २ किलोमीटर डीएनए. एवढ्यावरूनच जुडगे का होतात ते कळावं. खूण दिलेल्या पेशींत खूण न दिलेल्या पेशी मिसळणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे. रंगीत तंतू विरळ होतात आणि एकमेकांवर पडत नाहीत.

थेंब कडेने सुकायला लागला, पण मधे अजून ओला आहे, अशा वेळी त्यावर ७ मायक्रोलिटर लायसिस (पेशी फोडणारा) बफर घाला: २०० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल पीएच ७.४, ५० मिलिमोलर ईडीटीए, ०.५ टक्के एसडीएस. टिपच्या टोकाने हलकं गोल फिरवा, २ मिनिटं थांबा, मग स्लाइड साधारण १५ अंशांत तिरकी करा. थेंब २ ते ३ मिनिटांत खालच्या टोकाला पोचला पाहिजे. झरकन घसरला तर तंतू तुटलेले आणि विरळ मिळतात. रेंगाळला तर डीएनए ताणला जात नाही आणि जाड दोरखंड दिसतात. थेंब अडला तर तिरकेपणा वाढवण्याआधी पेशी जास्त तर नाहीत ना, ते पाहा. थेंब आधीच पुरता सुकला असेल तर पेशी काचेला चिकटून बसतात आणि लायसिस अर्धवट होतो. अशा स्लाइडवर वरच्या टोकाला मोठा ढिगारा आणि खाली जवळजवळ काहीच नाही, असं चित्र असतं. एसडीएस थंडीत साका होऊन बसतो, म्हणून बफर खोलीच्या तापमानाला आणून, स्वच्छ झालेला पाहूनच वापरा.

हवेत सुकवा, मग मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड ३:१ या ताज्या मिश्रणात १० मिनिटं स्थिर करा. पुन्हा सुकवून ४ अंशांवर ठेवता येतात. थेंब कोणत्या टोकाकडून निघाला याची खूण पेन्सिलीने करून ठेवा. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या दिशेने शोधायचं ते त्यावरूनच कळतं.

ॲसिड आणि अँटिबॉडी

दोन्ही अँटिबॉडींना दुहेरी धाग्यात दडलेली खूण दिसत नाही, म्हणून धागे सुटे करावे लागतात. २.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, खोलीच्या तापमानाला, ६० ते ८० मिनिटं. वेळ कमी पडली तर पट्टी सलग न दिसता ठिपक्यांची माळ दिसते. जास्त झाली तर प्युरीन निखळतात आणि तंतू जागोजागी तुटतात. हिवाळा-उन्हाळ्यात खोलीचं तापमान बदलतं आणि ॲसिडचं कामही, त्यामुळे जमलेली वेळ ऋतू बदलला की पुन्हा तपासा. नंतर पीबीएसने तीनदा धुवा. ॲसिड उरलं तर पुढची अँटिबॉडी बांधलीच जात नाही.

ब्लॉकिंगसाठी (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) पीबीएसमध्ये १ टक्का बीएसए आणि ०.१ टक्का ट्वीन-२० पुरतं, अर्धा ते एक तास. त्याच द्रवात प्रायमरी पातळ करा. बीयू१/७५ साधारण १:१०० ते १:५०० आणि बी४४ १:२० ते १:१०० या मर्यादेत चालते. मर्यादा एवढी रुंद आहे कारण विक्रेत्यागणिक आणि लॉटगणिक (उत्पादनाच्या तुकडीगणिक) मूळ संहती बदलते. म्हणून आपल्या लॉटसाठी तीन बाय तीनची चाचणी करा: प्रत्येकीची तीन प्रमाणं आणि त्यांच्या नऊ जोड्या. नऊ स्लाइड जातात, पण त्यानंतरचं सगळं काम त्यावर टिकतं. एका स्लाइडला १०० ते १५० मायक्रोलिटर द्रव लागतो. वर लांब कव्हरस्लिप अलगद ठेवून ओलसर डब्यात ३७ अंशांवर एक तास. कव्हरस्लिप काढताना ओढू नका. स्लाइड पीबीएसमध्ये उभी बुडवली की ती आपोआप सुटते. ओढल्यास तंतू सोबत निघतात.

अँटिबॉडी वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १० मिनिटं जोरात फिरवून वरचा द्रव घ्या. न फिरवलेल्या बाटलीतले गोळे काचेवर चमकदार ठिपके होऊन बसतात, आणि आखूड पट्ट्या मोजताना तेच ठिपके पट्टी समजून मोजले जातात.

बी४४ सीएलडीयूला थोडीफार चिकटत असेल तर जास्त क्षाराची धुलाई कामी येते: २८ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ५०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.५ टक्के ट्वीन-२०, ०.५ टक्के एनपी-४०, दहा मिनिटं. सैल बांधलेली अँटिबॉडी यात सुटते. तंतू नीट चिकटलेले असतील तर ही पायरी त्यांना काही करत नाही. बऱ्याच प्रयोगशाळा ती वगळतात. आमच्या मते ठेवावी. सेकंडरी १:५०० च्या आसपास, अंधारात, एक तास.

कोणते कंट्रोल सोडू नयेत

फक्त सीएलडीयू दिलेल्या पेशी, दोन्ही अँटिबॉडी आणि दोन्ही सेकंडरी: हिरवं काहीही दिसता कामा नये. फक्त आयडीयू दिलेल्या पेशींवर लाल दिसता कामा नये. एकच प्रायमरी आणि दोन्ही सेकंडरी, हा कंट्रोल सेकंडरीची गफलत उघडी पाडतो. तिन्ही एकदा करून सोडून देण्यासारखे नाहीत. नव्या लॉटबरोबर ते पुन्हा करायचे. आणखी एक, जो फार कमी लोक करतात: खुणांचा क्रम उलटा करून तोच प्रयोग. क्रम उलटल्यावर दोन पट्ट्यांच्या लांबीचं गुणोत्तर बदललं तर एक अँटिबॉडी दुसरीपेक्षा पट्टीची टोकं कमी रंगवते आहे, असा त्याचा अर्थ.

हे नुसतं नेटकेपणासाठी सांगत नाही. फोर्क-झिजेच्या प्रयोगात, दोन्ही खुणा देऊन मग ४ मिलिमोलर हायड्रॉक्सियुरिया (फोर्क थांबवणारं औषध) ४ ते ५ तास दिल्यावर, हिरव्या-लालचं गुणोत्तर हाच निकाल असतो. बीआरसीए२ (थांबलेल्या फोर्कचं रक्षण करणारं प्रथिन) नसलेल्या पेशींत एमआरई११ हे डीएनए कापणारं एंझाइम नवा धागा कुरतडतं आणि गुणोत्तर १ च्या बरंच खाली येतं, हे २०११ मध्ये श्लाखर व सहकाऱ्यांनी दाखवलं. बी४४ फिकट पडल्यामुळेही गुणोत्तर खाली येतं. चित्र पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळतो तो हायड्रॉक्सियुरिया न दिलेल्या पेशींच्या कंट्रोलवरून आणि क्रम उलटून केलेल्या प्रयोगावरून.

पट्ट्या वाचताना

लाल-हिरवी म्हणजे चालता फोर्क. हिरवी-लाल-हिरवी म्हणजे पहिल्या खुणेच्या वेळी फायर (सुरू) झालेला ओरिजिन, म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ती जागा. लाल-हिरवी-लाल म्हणजे दोन फोर्क समोरासमोर येऊन दुसऱ्या खुणेत मिळाले. नुसती हिरवी म्हणजे दुसऱ्या खुणेत फायर झालेला ओरिजिन. नुसती लाल म्हणजे थांबलेला किंवा संपलेला फोर्क. हे वर्गीकरण सर्वत्र दिलेलं असतं. त्यात न दिलेली गोष्ट अशी की लाल-हिरव्याच्या सीमेवर तुटलेला एकच तंतू एक खोटा थांबलेला फोर्क आणि एक खोटा नवा ओरिजिन तयार करतो. थांबलेल्या फोर्कचं प्रमाण आणि नव्या ओरिजिनचं प्रमाण एकाच वेळी, सारख्याच मापाने वाढलेलं दिसलं तर आधी तंतू तुटताहेत असा संशय घ्यावा. तिसऱ्या रंगात एकेरी डीएनएची अँटिबॉडी लावून पूर्ण तंतू दाखवणं हा खात्रीचा मार्ग. ती अँटिबॉडी बहुधा माऊसचीच असते, त्यामुळे उपप्रकार वेगळा असलेली घ्या आणि उपप्रकार ओळखणारी सेकंडरी वापरा. नाहीतर बी४४ आणि ती एकाच रंगात येतील.

लांबीचा हिशेब असा. पसरवलेल्या तंतूसाठी १ मायक्रोमीटर म्हणजे २.५९ किलोबेस (एक किलोबेस म्हणजे हजार बेस) हे रूपांतर रूढ आहे. ६३ पटीच्या ऑइल लेन्सवर ६.५ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल ०.१०३ मायक्रोमीटर, म्हणजे सुमारे ०.२७ किलोबेस. प्रकाशाच्या मर्यादेमुळे प्रत्येक टोकाला साधारण अर्धा किलोबेस अनिश्चितता राहतेच. माणसाच्या पेशींत फोर्क मिनिटाला १ ते २ किलोबेस जातो. ३० मिनिटांची खूण, वेग १ धरला तर पट्टी ३० किलोबेस, म्हणजे साडेअकरा मायक्रोमीटर. टोकांची चूक तिथे क्षुल्लक आहे. ५ मिनिटांची खूण दिली तर पट्टी जेमतेम २ मायक्रोमीटर आणि तीच चूक पाचव्या हिश्श्याच्या घरात जाते. खूप छोट्या खुणांवर या जोडीने वेग मोजू नये.

प्रत्येक नमुन्यात किमान १५० ते २०० पट्ट्या, नमुन्याचं नाव झाकून, स्लाइडच्या निरनिराळ्या भागांतून. वितरण एका बाजूला कललेलं असतं, म्हणून मध्यगा द्या. पण २०० तंतूंवर मान-व्हिटनी चाचणी लावली की क्षुल्लक फरकही लक्षणीय ठरतो. तीन स्वतंत्र प्रयोगांच्या मध्यगा एकमेकींशी जुळतात का, यावर जास्त भर द्यावा.

हाताने पसरवावं की कोंबिंग यंत्र घ्यावं

मॉलिक्युलर कोंबिंग ही बेन्सिमोन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिलेली पद्धत. सिलेन लावलेली, पाणी झटकणारी काच डीएनएच्या द्रवात बुडवायची आणि सेकंदाला ३०० मायक्रोमीटर अशा एकसारख्या वेगाने वर खेचायची. पीएच ५.५ च्या आसपास डीएनएची टोकंच काचेला चिकटतात आणि द्रवाची कड उरलेला रेणू सरळ ताणून ठेवते. पीएच वर गेला तर काहीच चिकटत नाही. खाली गेला तर रेणू कुठेही चिकटतो आणि ताण एकसारखा राहत नाही. सगळे तंतू समांतर असतात आणि १ मायक्रोमीटर म्हणजे २ किलोबेस हे प्रमाण पूर्ण काचेवर टिकतं. हाताने पसरवलेल्या स्लाइडवर तसं नसतं. ताण जागेगणिक बदलतो, २.५९ हा सरासरी आकडा आहे.

त्याची किंमत तयारीत मोजावी लागते. पेशी कमी तापमानाला वितळणाऱ्या ॲगरोजच्या वड्यांत बसवायच्या, ईडीटीए असलेल्या द्रवात प्रोटीनेज के घालून ५० अंशांवर रात्रभर ठेवायच्या, नीट धुवायच्या, ०.५ मोलर एमईएस बफरमध्ये ६८ अंशांवर २० मिनिटं वितळवायच्या, ४२ अंशांवर आणून बीटा-ॲगरेज घालून पुन्हा रात्रभर. यानंतर पिपेटने ढवळणं पूर्ण वर्ज्य. भांडं हलक्या हाताने तिरकं करून द्रव ओतायचा. एकदा जोरात पिपेट केलं तर दोन दिवसांच्या कामातून ५० किलोबेसचे तुकडे उरतात. वितळवताना ६८ अंश गाठले नाहीत तर ॲगरोजच्या गाठी राहतात आणि काचेवर धूसर डाग पडतात. खेचलेली काच ६० अंशांवर किमान २ तास भाजायची. धागे सुटे करायला इथे ॲसिडऐवजी ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मोलर सोडियम क्लोराइड, ८ मिनिटं. अँटिबॉडी मात्र याच दोघी, प्रमाणही जवळपास तेच.

आमचं मत असं: गुणोत्तर किंवा दोन नमुन्यांतली तुलना हवी असेल तर यंत्राची गरज नाही, हाताने पसरवणं पुरतं. ओरिजिनमधलं अंतर, एका ओरिजिनपासून निघालेल्या दोन फोर्कांची विषमता, किंवा किलोबेसमध्ये खराखुरा वेग छापायचा असेल तर कोंबिंगच करावं. सस्तन पेशींत ओरिजिन ५० ते १५० किलोबेस अंतरावर असतात. शेजारचे दोन एका तंतूवर दिसायला तंतू काहीशे किलोबेस अखंड हवा. आखूड तंतूंवर हे अंतर मोजलं तर लांब अंतरं निसटतात आणि सरासरी खोटी कमी येते. तयार सिलेन-काचा विकत घ्याव्यात. घरच्या घरी सिलेन लावणं शक्य आहे, पण हवेतल्या आर्द्रतेने थर ओबडधोबड बसतो आणि महिनाभराचं काम एका खराब घाण्यापायी वाया जातं. खेचण्याचं यंत्र मात्र स्थिर वेगाची उभी मोटर बसवून प्रयोगशाळेत करता येतं. धक्का आणि थरथर नको, बाकी त्यात गुंतागुंत नाही.

या जोडीला जे दिसत नाही

नव्या धाग्यातल्या काहीशे बेसच्या फटी. त्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेखाली आहेत, पट्टी सलगच दिसते. त्यासाठी खूण दिल्यावर पेशी सच्छिद्र करून एस१ न्यूक्लिएज, मिलिलिटरला २० युनिट, ३७ अंशांवर ३० मिनिटं द्यावं. फट असेल तिथे तंतू कापला जातो आणि पट्टी आखूड येते. एस१ ला पीएच ४.६ चा बफर आणि जस्त लागतं. एंझाइम न घातलेला, फक्त बफर दिलेला कंट्रोल नसेल तर हा प्रयोग वाचता येत नाही, कारण आम्ल बफरनेही काही तंतू तुटतात.

दुसरं न दिसणारं म्हणजे जीनोममधली जागा. पट्टी कोणत्या गुणसूत्रावरची, हे अँटिबॉडी सांगत नाही. कोंबिंगसोबत फिश प्रोब (ठरावीक क्रमाला चिकटणारा रंगीत डीएनए-तुकडा) लावून ठरावीक जागा पाहता येते, पण एका जागेचे पुरेसे तंतू मिळायला फार काचा लागतात. संपूर्ण जीनोमभर हे हवं असेल तर नॅनोपोअरकडे वळावं. त्यावरच्या दोन पद्धती, डी-नॅसेंट २०१९ मध्ये आणि फोर्क-सेक २०२० मध्ये आल्या. दोन्हींत बीआरडीयू अँटिबॉडीशिवाय, रेणू छिद्रातून जाताना विद्युतप्रवाहात होणाऱ्या बदलावरून ओळखलं जातं. प्रत्येक रेणूला जीनोममधला पत्ता मिळतो. लांब रीड आणि चांगलं संगणन लागतं, आणि औषधाची दहा प्रमाणं झटपट चाळून पाहायला ती पद्धत जड पडते. त्या कामाला काच, ॲसिड आणि या दोन बाटल्याच बऱ्या.

साठवणीबद्दल एवढं: बी४४ अझाइड घातलेली येते, ती ४ अंशांवर ठेवावी, गोठवू नये. बीयू१/७५ लहान भागांत वाटून ठेवावी, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टळतं. चांगला लॉट चालू असताना एकाच प्रयोगातल्या दहा-बारा जादा स्लाइड स्थिर करून उणे २० अंशांवर बंद डब्यात शोषकासह ठेवा. नवी बाटली आली की त्यातल्या दोन काढून एक जुन्या लॉटने आणि एक नव्याने रंगवा. मध्यगा जुळल्या तरच नवा लॉट चालू प्रयोगात घ्या; जुळल्या नाहीत तर आधी पातळ करण्याचं प्रमाण बदलून पाहा, आणि तरीही जुळत नसेल तर बाटली परत पाठवताना त्या दोन स्लाइडची चित्रं सोबत जोडा.